टीव्हीमागचा पांढरा

आई: भिंतीला काही चिकटवायचं नाही, आधीच सांगते. टीव्हीच्या पाठीला काय लावायचं ते लाव. भिंत माझी आहे.

लेक: पाठीलाच लावतेय आई. भिंतीला बोटसुद्धा लागलेलं नाही. बाबा, टीव्ही जरा पुढे धरा. अजून. बास.

बाबा: आटप लवकर. बत्तीस वर्षं बसचं स्टिअरिंग धरलेले हात आहेत हे. टीव्ही धरून उभं राहायची सवय नाही त्यांना.

आई: हौस तुमची, मग हात कुणाचे दुखणार? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. टीव्ही बघायला आजवर टीव्ही पुरत होता. आता त्याच्या पाठीमागे रोषणाई.

लेक: रोषणाई नाही गं. ही पट्टी टीव्हीच्या मागून भिंतीवर हलका उजेड टाकते. अंधारात नुसता झगझगीत चौकोन बघत बसलं की डोळे शिणतात. बाबांचं रोज डोकं का दुखतं मग?

आई: रोज तीन-तीन मॅच बघतात म्हणून दुखतं. आणि उजेडच हवा तर खोलीतला दिवा लावा की.

बाबा: तो पडद्यावर चमकतो. परवा गोलकीपरच्या डोक्यावर आपला पंखा फिरत होता. गोल झाला तो मला दिसलाच नाही.

लेक: झालं. टीव्ही सोडा बाबा, हळू. आई, पडदे ओढतेस का? बाहेर अजून ऊन आहे.

आई: ओढते. पण आवडलं नाही तर उद्या उतरवायचं. दुकानात परत द्यायचं.

लेक: कबूल. आवडलं तर?

आई: तर मी तसं सांगेन. मी कधी रंगाबद्दल खोटं बोललेय का?

बाबा: नाही बोललीस. लग्नात माझ्या आईला तोंडावर म्हणाली होतीस, तुमच्या साडीला हा काठ शोभत नाही.

आई: शोभतच नव्हता.

लेक: बटण दाबा बाबा. मॅच लावा कुठलीही.

बाबा: हे बघ. अगं बघ तरी, अख्खं मैदान भिंतीवर आलं.

आई: माझी भिंत हिरवी झाली.

लेक: टीव्हीच्या डोक्यावर बारका कॅमेरा बसवलाय ना, तो चित्र बघतो आणि तेच रंग मागे टाकतो. समुद्र आला की भिंत निळी, आग लागली की केशरी.

आई: ह्या भिंतीचा रंग करायला मला चार रविवार लागले होते. ओल्या वाळूचा रंग. रोज सकाळी उठून आधी भिंत बघायची, मग चहा. ओला असताना एक दिसतो, वाळला की एक दिसतो. आणि तुम्ही एका बटणात ती पोपटी करून टाकलीत. आता लाल का झाली? कुणाला लागलं?

बाबा: कुणाला नाही लागलं. जाहिरात लागलीय.

आई: बंद करा ते. डोळ्यांना आराम म्हणे. भिंत अशी कोलांट्या उड्या मारायला लागली तर मी इकडे बघू की तिकडे?

लेक: तेवढ्यासाठी साधा पांढराही आहे. एकच रंग, हलत नाही, बदलत नाही. आधी तो बघ तरी. उचलली जीभ लावली टाळ्याला असं नको ना करू.

बाबा: तिचं ऐक जरा. लांबच्या गाडीला मी मीटरचा उजेड कधी पूर्ण बंद केला नाही. मंद ठेवायचो. घुप्प अंधारात समोरून झोत आला की डोळ्यात खिळा ठोकल्यासारखं होतं. आधीपासून थोडा उजेड असला की डोळा तयार असतो. हे तसंच आहे.

आई: बरं. तो गुहेतला सिनेमा लावा. सगळा काळोखच आहे त्यात. आधी पट्टी बंद ठेवून बघू, मग लावून. एकच चित्र दोनदा बघायचं. मधे कुणी बोलायचं नाही.

लेक: रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकालाही असाच दम देतेस.

आई: म्हणून ते माझ्याकडे येतं, रंग जुळवायच्या मशीनकडे जात नाही. चूप आता.

बाबा: हं. झालं एकदा. आता पट्टी लावून.

आई: थांबवा तिथेच. पुन्हा बंद करा. लावा. अगं, काळा खाली गेला की.

लेक: म्हणजे?

आई: मघाशी गुहेतला काळा राखेसारखा दिसत होता. मागे उजेड आल्यावर काळा काळा झाला. चित्राला काही केलं नाहीस ना?

लेक: चित्राला हात नाही लावला.

आई: मग बरोबर आहे. शेड कार्ड मी काळ्या काउंटरवर ठेवून कधी दाखवू देते का? काळ्यावर ठेवलं की रंग फिका वाटतो, पांढऱ्यावर ठेवलं की गडद. रंग एकटा कधी दिसतच नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. तुम्ही टीव्हीला शेजारी दिलात.

बाबा: म्हणजे ठेवायची ना पट्टी?

आई: आणि डोळ्यालाही सैल वाटतंय, खरं सांगते. लावण्यासारखी वस्तू आहे. पण नाचरी नको. शेजारी शांत हवा.

बाबा: रविवारच्या मॅचला फक्त हिरवा.

आई: रविवारी मी दुसऱ्या खोलीत असेन. चालेल.

लेक: मिटलं एकदाचं. मी साडेतीन आठवडे हा विषय काढायला घाबरत होते.

आई: पण हा पांढरा नाही.

लेक: कुठला?

आई: हा, मागचा. कंपनीने पांढरा म्हणून दिलाय तो. पिवळट आहे. दूध उन्हात ठेवल्यासारखा.

लेक: मला तर ठीक वाटतोय.

आई: तुला ठीक वाटतो म्हणूनच तू काउंटरवर बिल करतेस आणि मी मागे रंग जुळवते. मोबाईल इकडे आण. ह्यात बदलता येतो का?

लेक: येतो. ह्या तीन रेघा. लाल, हिरवा, निळा. बोटाने सरकवायच्या.

आई: रंगात मिसळायच्या स्टेनरचे तीन डबेच म्हण की. सरका बाजूला. आणि पडद्यावर पांढरं काहीतरी आणा. तो बर्फातल्या पक्ष्यांचा कार्यक्रम लावा.

बाबा: आता जेवण साडेनऊला.

आई: एक मिनिट लागेल. निळा थोडा वर. अजून. ह्या भिंतीची वाळू पिवळं परत फेकते, ते कापायला हवं. अजून जरा. लाल इतकासा खाली. हं. आता बसला. ह्याला म्हणतात पांढरा.

लेक: चालेल.

आई: चालेल काय? बघ की नीट.

लेक: छान आहे. जेवायला बसूया.

बाबा: अगं, निळा आहे हा.

आई: काय निळा आहे?

बाबा: उजेड. दवाखान्यात रात्री पॅसेजमध्ये असतो तसा. बर्फ टीव्हीत पांढरा आहे आणि भिंत निळी.

आई: तुम्हाला केशरी आणि लाल यातला फरक सिग्नलपुरता कळतो. भिंत पिवळी आहे म्हणून निळा घातलाय मी, आत्ता सांगितलं ना?

बाबा: पिवळं कापलंस ते ठीक. पण कापता कापता फारच पुढे गेलीस.

आई: बरं, भिंतीचा प्रश्नच नको. माझी फरशी आणते. पर्समध्येच आहे. ही बघा, कामाची तळहाताएवढी पांढरी फरशी. एकतीस वर्षं हिच्यावर थेंब टाकून रंग बघितलेत मी, आणि रोज संध्याकाळी घासून ठेवलीय. ही उजेडात धरते. आता बोला. पांढरी आहे की नाही?

बाबा: निळी.

आई: तुम्ही हट्टाला पेटलाय.

बाबा: हट्ट कसला? मला माझी मॅच मिळाली, माझं भांडण संपलं. दिसतंय ते सांगतोय.

आई: तू का बोलत नाहीस गं? मघापासून बघतेय. चालेल म्हणालीस, छान म्हणालीस, आणि आता मोबाईलच्या वायरची घडी घालत बसलीस. फरशी कशी दिसते?

लेक: आई, जाऊ दे ना.

आई: कशी दिसते?

लेक: निळी दिसते.

आई: दोघांनी मिळून ठरवलंय का?

बाबा: एक सांगू? तू बघताना डावा डोळा मिटतेस.

आई: कायमच मिटते. रंग बघायची माझी पद्धत आहे ती. दोन डोळ्यांनी बघितलं की चकाकी मधे येते. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं, एक डोळा मिट, मग नजर इकडेतिकडे जात नाही.

बाबा: आमचे दर वर्षी लायसनसाठी डोळे तपासायचे. डॉक्टर काय करायचे, एक डोळा झाकायचे, मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवून कधीच नाही. म्हणायचे, चांगला डोळा वाईट डोळ्याचं पाप झाकतो. तू दुसऱ्याने बघ.

आई: काय फरक पडणार आहे?

बाबा: नाही पडला तर मी रविवारची मॅचसुद्धा सोडतो.

(आई फरशी उजेडात धरून उजवा डोळा मिटते आणि डाव्याने बघते. मग उजव्याने. मग पुन्हा डाव्याने.)

लेक: आई?

आई: निळी आहे.

बाबा: बस जरा खुर्चीवर.

आई: मला चक्कर नाही आलेली. डाव्याने निळी, उजव्याने पांढरी. नुसती निळी नाही, चांगली निळी. उजव्यावर कुणीतरी चहाचा पातळ हात मारलाय.

बाबा: मोतीबिंदू असेल. माझ्या थोरल्या भावाला झाला होता. एका डोळ्यात आधी झाला, दुसऱ्यात चार वर्षांनी.

आई: किती महिने असं असेल?

बाबा: ते डॉक्टरच सांगेल.

आई: डॉक्टरला नाही विचारलं. हिला विचारलं. किती महिने?

लेक: मला कसं माहीत असणार?

आई: साडेतीन आठवडे पट्टीचा विषय काढायला घाबरत होतीस म्हणालीस. पट्टीचा विषय काढायला कोण घाबरतं? इकडे बघ. दुकानात काय झालंय?

लेक: डबे परत आले.

आई: किती?

लेक: अकरा. सगळे पांढऱ्यातले. ऑफ-व्हाइट, मोतिया, ते लोक भिंतीचा पोपडा घेऊन येतात ना जुळवायला, ते. रंगाऱ्यानं अर्धी भिंत मारली की जोड दिसायचा. नवीन भाग निळसर.

आई: आणि माझ्यापर्यंत एकही आला नाही.

लेक: मी काउंटरवरच घ्यायचे. तू जेवायला गेलीस की मशीनवर लावायचे, पुन्हा करून द्यायचे. म्हणायचे, आमच्याकडून डब्याची अदलाबदल झाली.

आई: झाकणं?

लेक: काय?

आई: प्रत्येक झाकणावर मी त्याच रंगाचा बोटाने ठिपका देते. एकतीस वर्षं देते. लोक ठिपका बघून डबा नेतात. त्या अकरा झाकणांवर ठिपका कुणी दिला?

लेक: मी.

आई: माझा ठिपका तू दिलास.

लेक: काय करायला हवं होतं मी? मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तुला काउंटरवर बसवलं असतं. नवीन मशीन आल्यापासून ते तेवढीच वाट बघतायत. म्हणून मी मधे उभी राहिले. तुला वाटतं मला मजा वाटत होती?

आई: मला सांगायचं होतंस.

लेक: सांगणार होते. पहिल्या डब्यालाच सांगणार होते. पण दुकानात सगळे म्हणतात, बाईंची नजर म्हणजे बाईंची नजर. मी लहानपणापासून तेच ऐकलंय. मला वाटलं माझंच चुकत असेल. तुझं कसं चुकेल?

बाबा: म्हणून पट्टी आणलीस?

लेक: पट्टी तुमच्या डोकेदुखीसाठीच आणली बाबा, शपथ. पण विकणाऱ्यानं त्या तीन रेघा दाखवल्या तेव्हा मनात आलं. आई पांढरा स्वतः लावल्याशिवाय राहणार नाही. तुम्हाला तो कसा दिसतो ते तुम्ही बोलल्याशिवाय राहणार नाही. मला बोलावं लागणार नाही.

बाबा: म्हणजे वाईट बोलायला बाप.

लेक: तुम्ही बोलून टाकता. मला जमत नाही.

आई: दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावाचे रंग जुळवतेय आणि स्वतःच्या डोळ्यात काय साठलंय ते माहीत नाही.

बाबा: एवढं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या बसची पुढची काच दोनदा बदलली. आरपार दिसेना म्हणून बदलली. बस तीच राहिली, ड्रायव्हरही तोच राहिला. डोळ्यातली काचही बदलून देतात आता. भाऊ तिसऱ्या दिवशी पेपर वाचत होता.

आई: मनाला लागलंच आहे. अकरा घरांत माझ्या नावाने निळी भिंत उभी राहिली, ती लागणार नाही तर काय? आणि सोमवारी शाळेचं काम आहे.

बाबा: कुठलं शाळेचं?

लेक: जुन्या इमारतीला नवीन मजला जोडलाय. जुन्या पांढऱ्याशी नवीन पांढरा जुळवायचा आहे. साठ लिटर. मालकांनी आईचं नाव सांगून काम घेतलंय. तेवढ्यासाठीच मी ह्या आठवड्यात पट्टी आणली, नाहीतर अजूनही आणली नसती. साठ लिटर मला मागून दुरुस्त करता आले नसते.

आई: करायचेही नव्हते. ऐक आता. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मालकांना सांगते. मी सांगणार, तू नाही. आधी डोळ्याचं, मग अकरा डब्यांचं.

लेक: डब्यांचं कशाला? ते झालंय आता निस्तरून.

आई: माझ्या ठिपक्याखाली झालंय. मी सांगणार. मग डोळ्याच्या डॉक्टरकडे. बाबा येतील बरोबर.

बाबा: येईन. डोळ्याच्या डॉक्टरकडे जायची मला सवय आहे.

लेक: आणि मालक म्हणाले की आता मशीनवरच करू, तर?

आई: म्हणू देत. मशीनला पोपडा दिला तर मशीन पोपड्यावरची धूळसुद्धा जुळवून देतं. धूळ कुठली आणि रंग कुठला ते माणसाला बघावं लागतं. डाव्या डोळ्याने मला ते आजही कळतं. फक्त मी चुकीचा डोळा कामाला लावला होता. मालक शहाणे आहेत, दहा मिनिटं ओरडतील आणि मग विचारतील, सोमवारचं काय करायचं.

लेक: काय करायचं सोमवारचं?

आई: मी करणार. डाव्या डोळ्याने. तू शेजारी उभी राहायचीस. प्रत्येक डबा तुला दाखवेन. निळा दिसला तर निळा म्हणायचं. चालेल म्हणायचं नाही, छान म्हणायचं नाही, जेवायला बसूया म्हणायचं नाही.

लेक: आणि तुला राग आला तर?

आई: येईल. तरी म्हणायचं. आत्ताही आलेला आहे, तुला काय वाटलं? अकरा वेळा तू माझा ठिपका दिलास, त्याबद्दल मी तुला सोडणार नाही. पण ते जेवताना. आधी हा निळा उतरवायचा आहे. मोबाईल कुठे गेला?

बाबा: अगं, आता राहू दे आज.

आई: का राहू दे? चुकीचा पांढरा भिंतीवर ठेवून मला घास जाणार नाही. आण इकडे. उजवा मिटते. निळा खाली. अजून खाली. हं. आता तू बोल. कसा आहे?

लेक: पांढरा आहे.

आई: पोटातून म्हणतेयस?

लेक: पोटातून म्हणतेय. बर्फासारखाच आहे.

बाबा: मलाही पांढराच दिसतोय आता.

आई: नाहीये. हिरव्याची छटा आहे त्यात. अगदी कणभर. फरशी धर. तिच्या ह्या कडेला बघ, जिथे उजेड विरतो.

लेक: मला नाही दिसत.

आई: मी हिरवा दोन घरं खाली आणते. आता बघ. मघाचा आठव आणि आता बघ.

लेक: हो. मघाशी होता हिरवा. आता गेल्यावर कळतंय.

आई: गेल्यावर तर कुणालाही कळतं.

बाबा: काय बाई आहे ही. एका डोळ्याने आपल्या चार डोळ्यांना पुरून उरली.

लेक: मग पट्टी ठेवायची ना आई?

आई: ठेवायची म्हणून मघाशीच सांगितलंय. काळा काळा दिसतो, डोळ्याला सैल वाटतं, आणि खोटा पांढरा लावला की घरातले लोक लगेच सांगतात. म्हणजे निदान एक जण तरी सांगतो.

लेक: दोघं सांगतील ह्यापुढे.

आई: बघू सोमवारी. अहो, तो गुहेचा सिनेमा लावा परत. पाच मिनिटं बघते, मग ताटं घेऊ. मघाशी नुसता काळा बघितला, गोष्ट काय आहे ते कळलंच नाही.

बाबा: लावला. काय झालं? अशी काय मान वाकडी करतेस?

आई: काही नाही. सवयीनं डावाच मिटला होता. हं, आता पुढे जाऊ द्या.